मालिकेतल्या सुनेसाठी प्रार्थना

देव थर्ड अंपायरसारखा नाही, हे माणसाचं नशीब, असं सिस्टरचं ठाम मत होतं.

"स्लो मोशनमधी पाह्यलं तं कोणीच वाचत नाही," त्या म्हणत. "सगळेच आऊट. प्रभू मैदानातल्या अंपायरवानी हाय. पाहते सगळं, पण थोडंसं सोडून देते."

हे त्यांनी मला चहा गाळता गाळता ऐकवलं होतं. आपला एक फलंदाज नुकताच पायचीत झाला होता आणि रागात अर्धा चहा गाळणीबाहेर सांडला होता.

अमरावतीत बी.एस्सी. करताना मी त्यांच्याकडे भाड्यानं राहिले. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, लग्न केलं नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतले सगळे, भाजीवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत, त्यांना सिस्टरच म्हणत. घर लहान होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि अंगणाच्या बाजूनं दार असलेली एक खोली, जी त्या कॉलेजच्या मुलींना देत. मी अकोटची. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामाला. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे खोली बघायला जाताना प्रश्नांची तयारी करून गेले होते. जात विचारतील, जेवण विचारतील, मित्रमैत्रिणी विचारतील. सिस्टरनी विचारलं, "मालिका कोणती पायतं?"

आमच्याकडे टीव्ही काकांच्या घरी होता आणि रिमोट काकांच्या हातात. मी खरं तेच सांगितलं.

"म्हणजे कोरी पाटी हाय," त्या म्हणाल्या. मग नियम सांगितले. "नळ आला की पाणी भराचं, दाराले कडी लावाची, अन सात वाजता माझ्यासंगं टीव्ही पाहाचा. एकटीनं रडाले बरं नाही वाटत."

त्यांच्या टीव्हीवर क्रोशानं विणलेलं झाकण होतं, मधोमध क्रॉस, आणि वरच्या फळीवर जाडजूड मराठी बायबल. या दोघांचा एकमेकांना अडथळा होतो असं त्यांना वाटत नसे. संध्याकाळची प्रार्थना त्या जाहिरातीत उरकत. उरकत म्हणणं बरोबर नाही, मनापासून करत, पण वेळ जाहिरातीची असे. लहान ब्रेक असला तर लहान स्तोत्र, मोठा असला तर मोठं. कोणत्या भागाच्या कोणत्या वळणावर किती मोठा ब्रेक येणार, हे त्यांना बरोबर कळायचं. आवाज बंद करायच्या, टीव्ही नाही. साबणाच्या जाहिरातीतली बाई मुक्यानं हसत असायची आणि सिस्टर डोळे मिटून म्हणत असायच्या, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." एकदा मी विचारलं, बंदच का नाही करत? तर म्हणाल्या, "देवाले आवाज नाही लागत. जाहिरातीलेही नाही लागत. दोघंही समजून घेतात."

बोलणं असं वऱ्हाडी, पण शास्त्राचं वचन आलं की भाषा एकदम इस्त्री केलेली. एका वाक्यात "आवं माय, कायची कटकट" आणि पुढच्याच वाक्यात "तथापि तुझी इच्छा पूर्ण होवो." ऐकणाऱ्याची मान दोन्हीकडे वळायची.

त्या वर्षी एका मालिकेतला नवरा विमान कोसळून मेला होता आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच नटाच्या चेहऱ्यानं परत आला. प्लास्टिक सर्जरी. गल्लीतल्या बायकांना काही वावगं वाटलं नाही. "मले वाटलंच होतं," समोरच्या काकू म्हणाल्या. सिस्टर त्या दिवशी जेवायला बसल्या. मग भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "यायले चेहरा बदललेला नवरा चालते. माझा प्रभू त्याच चेहऱ्यानं परत आला, हाताचे व्रण दाखवले, तरी विचारतात, पुरावा काय?"

मालिकेतल्या दवाखान्यात त्यांचं लक्ष गोष्टीकडे नसायचंच. "आवं, सलाईनचा खटका बंद हाय! मरन ना ते!" असं त्या पडद्यावरच्या नर्सला ओरडून सांगत आणि ती नर्स ऐकत नसे म्हणून रात्रीपर्यंत हळहळत. कारस्थानी आत्याबाईला मात्र त्यांनी कधी शिवी दिली नाही. मी एकदा तिला मेली म्हणाले तर मलाच रागावल्या. "तिले लिहिणाऱ्यानंच वाईट लिहिलं. ते काय करन बिचारी? तिच्यासाठी तं जास्त प्रार्थना लागते."

आणि ही प्रार्थना लागते म्हणजे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

दर बुधवारी दुपारी चार वाजता चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना सभा असे, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. आधी एक गीत, ढोलकी मिळाली तर ढोलकीवर. मग शास्त्रपाठ, मग विनंत्या. म्हणजे ज्या बाईला ज्यासाठी प्रार्थना हवी ती तिनं सगळ्यांसमोर सांगायची आणि दुसऱ्या कुणीतरी ती मोठ्यानं देवापुढे मांडायची. गुडघे, बदली, मुलाची परीक्षा, सासऱ्यांचा मोतीबिंदू. सिस्टर मलाही नेत. मी म्हटलं, मी तर मंडळीतली नाही. "देव काय हजेरी घेते?" त्या म्हणाल्या आणि मला शेजारी बसवलं. काही महिन्यांत मला कळलं की खरी दुखणी तिथे कुणी सांगत नाही. बुधवारची विनंती गुरुवारी भाजीबाजारात पोचलेली असायची. म्हणून गुडघेच जास्त.

सिस्टर मात्र उठून म्हणायच्या, "सुनबाईसाठी विनंती हाय. जिन्यावरून पडली. दिवस गेलेले हायेत. आयसीयूत हाय."

जुन्या बायकांना सवय होती. कुणी पदराआड हसायचं, कुणी खरंच डोळे मिटायचं, कारण ती मालिका त्याही बघत असत. पण त्या बुधवारी परतवाड्याहून नवीनच राहायला आलेली एक बाई होती, पस्तिशीची, साधीभोळी. तिच्यावर ती विनंती आली. तिनं अशी प्रार्थना केली की बायकांच्या माना वर होईनात. "हे पित्या, त्या लेकराले सांभाळ. त्या आईले रिकामी नको करू." रडत रडत म्हणाली. आमेन झाल्यावर तिला खरं काय ते सांगायची कुणाचीच हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती डबा घेऊन दारात. मुगाची पातळ खिचडी, तूप वेगळं. "सिस्टर, सुनबाई कोणत्या वार्डात हायेत? मी नेऊन देतो."

मी आतून बघत होते. वाटलं, आता कसं सांगतील? सिस्टरनी डबा हातात घेतला, तिला आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि टीव्हीकडे बोट केलं. "हे पाहा. आज कोमात गेली."

ती बाई टीव्हीकडे बघत राहिली. मग सिस्टरकडे. मग पुन्हा टीव्हीकडे. मला वाटलं, आता उठून जाईल. तिनं विचारलं, "लेकरू वाचन का हो?"

"वाचाले पाह्यजे," सिस्टर म्हणाल्या. "तू एवढी प्रार्थना केली ना."

ती खिचडी आम्ही तिघींनी खाल्ली. त्यानंतर ती रोज सात वाजता येऊ लागली.

पण गोष्ट सेक्रेटरीबाईंच्या कानावर गेली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, मूळच्या नगरच्या, बुधवारची सभा त्यांच्याच हातात. चष्मा साखळीला, बोलणं खडूसारखं पांढरं स्वच्छ. पुढच्या बुधवारी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टर, राग मानू नका. पण ही प्रभूची वेळ आहे. जी माणसं नाहीतच त्यांच्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे देवाची थट्टा होते. मी मालिका पाहत नाही, आणि इथे त्यांचं नाव निघू नये, असं आपण ठरवू."

"ठरवा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर त्या सभेत गीत म्हणत, शास्त्रपाठ ऐकत आणि विनंत्यांच्या वेळी हाताचे तळवे बघत बसत. घरी मात्र त्या बुधवारी मोठ्या ब्रेकलाही लहान स्तोत्र म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं की त्यांना लागलंय.

माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा बाबांचा फोन आला. आत्यानं स्थळ आणलं होतं. मुलगा अकोल्याच्या बाजारात अडतीवर कामाला, निर्व्यसनी, घरचे काही मागत नव्हते. पण त्यांना लग्न याच महिन्यात हवं होतं. "परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येते," बाबा म्हणाले. "असं पोरगं पुन्हा येत नाही. मी बुधवारी तुले घ्याले येतो. सामान बांधून ठेव."

बाबा रागीट नव्हते. रागीट असते तर भांडता तरी आलं असतं. ते समजावून सांगत होते आणि त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत आले. सात वाजून गेले होते. ब्रेकमध्ये मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. ब्रेक संपला. त्यांनी आवाज वाढवला आणि मालिका बघू लागल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून खोलीत गेले आणि खरंच पुस्तकं पेटीत भरायला लागले.

त्या बुधवारी सभेची पाळी नेमकी आमच्या घरी होती. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, गीत चालू होतं, तेवढ्यात बाबा दारात. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. एवढ्या बायका बघून ते मागच्या पावलीच फिरत होते. सिस्टरनी गीत न थांबवता हातानंच त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसायची खूण केली. कडवं संपल्यावर म्हणाल्या, "बसा भाऊ. चहा आमेननंतर भेटते."

बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले. शास्त्रपाठ झाला, विनंत्या सुरू झाल्या. गुडघे, मोतीबिंदू. मग सिस्टर उठल्या.

"एका मालिकेत," त्यांनी सुरुवात केली.

"सिस्टर," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आपलं ठरलं आहे."

"ठरलं हाय. पण आज घर माझं हाय, बाई. एवढी एकच." आणि परवानगीची वाट न बघता त्या बोलत राहिल्या. "एका मालिकेत एक पोट्टी हाय. लहान गावची. बाप मजुरी करून शिकवते तिले. शेवटची परीक्षा आली, अन बाप तिले घ्याले निघाला, का तं सोयरीक आली. चांगली सोयरीक हाय, मी वाईट नाही म्हणत. अन बापही वाईट नाही. त्याले भेव लागून राह्यलं की एवढं शिकवून पोरगी घरीच राहिली तं लोक त्यालेच हसतीन. त्याच्याजवळ बसून, असं नाही होत दादा, म्हणाले कोणी नाही. तो एकलाच घाबरून राह्यला. पोट्टीसाठी मी करतो प्रार्थना. तुमी त्या बापासाठी करा."

मी तीन वर्षं रोज सात वाजता त्या खोलीत बसले होते. दुपारचे पुन्हा दाखवलेले भागही पाहिले होते. अशी मुलगी कोणत्याच मालिकेत नव्हती. मी सतरंजीचा दोरा ओढत राहिले, वर बघायची सोय नव्हती.

"ही कोणती हो सिस्टर?" परतवाड्याच्या बाईनं विचारलं. "मी तं नाही पाह्यली."

"नवीन हाय."

सगळ्यांनी सेक्रेटरीबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला. दाराजवळच्या खुर्चीकडे एकदा बघितलं. "मी मालिका पाहत नाही," त्या म्हणाल्या, "पण विनंती आली आहे. घ्या कुणीतरी." आणि डोळे मिटले.

परतवाड्याच्या बाईनंच घेतली. "हे दयाळू पित्या, त्या बापाच्या मनातलं भेव काढून टाक. त्याले म्हणा, तू एकला नाही. त्यानं आजवर जे ओझं उचललं ते तू पाह्यलं हाय. थोडंसं अजून उचलाले त्याले बळ दे." बाकीच्या बायका हळू आवाजात हो प्रभू, हो प्रभू म्हणत होत्या. मी एक डोळा उघडून बाबांकडे बघितलं. त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढून हातात घेतला होता आणि मान खाली घातली होती. गाठी उचलून उचलून त्यांच्या मानेला एक बाक आला होता. तो एवढा मी आधी कधी पाहिला नव्हता.

चहा झाला, आलूबोंडे झाले, बायका गेल्या. बाबा बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. खूप वेळानं म्हणाले, "बाई, मंग त्या पोरीचं काय झालं?"

"कोणत्या?" सिस्टर म्हणाल्या.

"तेच. मालिकेतली."

"अजून दाखवलं नाही, भाऊ. बाप परीक्षेपर्यंत थांबते का नाही, याच्यावरच अडलं हाय."

बाबा चहा प्यायले. "पोराकडचे थांबतीन का पण?"

"चांगले असतीन तं थांबतीन. नसतीन थांबत तं चांगले कायचे?"

बाबांनी बशी खाली ठेवली. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. निघताना फाटकापाशी म्हणाले, "पेपर झाले की ये. आत्याले मी पाहतो." आणि रिकामी पिशवी घेऊन ते एसटी स्टँडकडे चालत गेले.

पोराकडचे थांबले नाहीत. हे बाबांनी मला परीक्षा होईपर्यंत कळू दिलं नाही. निकाल लागल्यावर मी घरी फोन केला, तेव्हा आधी आईशी बोलणं झालं, मग बाबांनी फोन घेतला. टक्के विचारले. मग म्हणाले, "सिस्टरले सांगजो. ते मालिकेतली पोट्टी पास झाली म्हणा."

त्या बुधवारनंतर मी मागच्या सगळ्या विनंत्या पुन्हा आठवून बघायला लागले. एकदा त्यांनी दारुड्या नवऱ्याच्या बायकोसाठी मागितलं होतं. तेव्हा खिडकीजवळ बसणारी एक बाई सगळ्यांत शेवटी आमेन म्हणाली होती, आणि तिच्या घरातले आवाज तर आमच्या अंगणापर्यंत यायचे. एकदा अशा मुलासाठी मागितलं होतं, जो परदेशात जाऊन बसलाय आणि आईचा फोन उचलत नाही. त्या दिवशी सेक्रेटरीबाई पूर्ण प्रार्थना होईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. आणि परतवाड्याच्या बाईचं स्वतःचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, हे मला कितीतरी उशिरा कळलं. त्या सुनेची विनंती तिच्यावर आली तेव्हा सिस्टरना हे माहीत होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. ती सून तर मालिकेत खरोखरच होती.

सगळ्याच विनंत्यांच्या मागे काही दडलेलं होतं, असंही नाही. गाण्याच्या स्पर्धेतल्या एका मुलाचा घसा बसला होता, तर त्याच्यासाठी त्यांनी चहा सोडला होता आणि माझ्या मोबाइलवरून इतकी मतं टाकली होती की माझा रिचार्ज संपला. तो हरला तेव्हा दोन दिवस त्या परीक्षकांवर रागावून होत्या. तिसऱ्या दिवशी त्या परीक्षकांसाठीही प्रार्थना केली, जरा दात आवळूनच.

मी एकदा सरळ विचारलं होतं, "सिस्टर, ती बाप घ्यायला येतो ती मालिका कोणत्या चॅनलवर लागते?"

"तू अभ्यास कर," त्या म्हणाल्या. आणि मग, भांडी आवरताना, माझ्याकडे पाठ करून, "वार्डात बिमारी मोठ्यानं बोलाची नसते. बाजूच्या खाटा ऐकतात. पण औषध तं द्याच लागते ना?" यापेक्षा जास्त त्या कधीच बोलल्या नाहीत.

आता मी अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. वर्गात एखादी मुलगी परीक्षेच्या महिनाभर आधी नाव काढून घ्यायचा अर्ज घेऊन आली की मी आधी तिच्या बापाला चहाला बोलावते. हे कुठून शिकले ते मी स्टाफरूममध्ये सांगत नाही.

मध्यंतरी सिस्टरच्या भाच्याचा फोन आला. तोही अकोल्यातच असतो. सिस्टर न्हाणीघरात घसरून पडल्या, खुबा मोडला, त्यानं त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलंय. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर चालतील. नाही केलं तर खाटेवरच. पण मावशी सहीच करत नाही. प्रभू बोलावून राह्यला म्हणते. ताई, तुम्ही सांगून पाहा."

मी गेले. खाटेवर त्या फार लहान दिसत होत्या. समोर भिंतीवर टीव्ही होता आणि चालू होता, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. मी घाबरले ती हे बघून.

"लावू का आपलं काही?" मी विचारलं.

"नको."

मी डॉक्टरांचं सांगणं पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. मग विचारलं, "बुधवारी जमतात का व त्या बायका अजून?"

"जमतात. परतवाड्याच्या ताईंचा फोन असतो ना मला."

"तू जाशीन?"

"जाईन."

"मंग एक विनंती सांगजो." त्या छताकडे बघत होत्या. "एका मालिकेत एक म्हातारी हाय. तिनं जिंदगीभर लोकाईले ऑपरेशनच्या टेबलावर पोचवलं. सगळ्याईचा हात धरला. काही होत नाही, म्हणे. आता तिची पाळी आली तं लय भेते. कोणाले सांगत नाही. भाच्याले वाटते, म्हातारी जिद्दी हाय."

"नाव काय सांगू?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"नाव कायले पाह्यजे? मालिका हाय ते."

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि मूर्तिजापूरवरून अमरावतीला गेले. सभा सेक्रेटरीबाईंच्या घरी होती. त्या आता काठी घेऊन चालत होत्या, पण चष्म्याची साखळी तीच. बऱ्याच बायका नवीन होत्या. इतक्या वर्षांत मी त्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. विनंत्यांच्या वेळी उठले.

"एका मालिकेत," मी म्हणाले, आणि सिस्टरनी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. टेबल, हात, भेव, सगळं.

परतवाड्याच्या ताईंनी पदर तोंडाला लावला. एक तरुण बाई, नव्यानंच आलेली, कुतूहलानं म्हणाली, "ही कोणत्या चॅनलवर लागते?"

जे ठरलं होतं ते सगळ्या जुन्या बायकांना आठवत होतं. त्या सेक्रेटरीबाईंकडे बघायला लागल्या.

सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला. साखळीवर तो छातीवर आला.

"मी पाहते ती मालिका," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून पाहते. डोळे मिटा."

त्यांनी विनंती कुणाला दिली नाही, स्वतःच घेतली. त्यांची प्रार्थना एरवी व्याकरणासारखी असे. ती त्या दिवशी एका ठिकाणी थांबली, आणि मला वाटलं संपली. मग त्या म्हणाल्या, "प्रभू, त्या म्हातारीचा हात धर. ती धरू देणार नाही. तरी धर."

बाहेर आल्यावर मी भाच्याच्या मोबाइलवर फोन लावला. त्यानं तो सिस्टरच्या कानाशी धरला.

"केली का?" त्यांनी विचारलं.

"केली."

"कोणी?"

मी सांगितलं. मागे कुठेतरी टीव्हीवरचं संगीत ऐकू येत होतं, म्हणजे कुणीतरी आवाज वाढवला होता.

"ते तं मालिका पाहत नाही ना?" सिस्टर म्हणाल्या.

"पाहतात म्हणाल्या. पहिल्यापासून."

"आवं माय!" त्या म्हणाल्या. मग फोन तोंडापासून दूर गेला, पण मला ऐकू येत होतं. "अरे, त्या डॉक्टरले बलाव. कागद आण म्हणा, सही करतो. अन हा ब्रेक झाला की जाजो, मधातच नको उठू."